मानसशास्त्राचा तास: वर्गातले प्रयोग आणि त्याच आकड्यांवरची उजळणी

पंधरा शब्द, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि प्रत्येकाला अर्धा कागद. स्मृतीचं प्रकरण सुरू करायला एवढं सामान पुरतं. खरं कष्टाचं काम त्यानंतरचं. बहुतेक वर्गांत प्रयोग होतो, मुलं हसतात, घंटा वाजते आणि फळा पुसला जातो. महिन्याभरानं ‘क्रमस्थान परिणाम म्हणजे काय’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘ते शब्दांचं केलं होतं ना, तेच.’ त्यापुढे काही नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवताना एक नियम ठेवावा: वर्गानं स्वतः तयार केलेला आकड्यांचा तक्ता कधी पुसायचा नाही. आठवड्यानं तो प्रश्न म्हणून परत आणायचा, महिन्यानं संख्याशास्त्रासाठी वापरायचा आणि परीक्षेआधी उत्तरलेखनासाठी.

एक तास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

क्रमस्थान परिणामाचा, म्हणजे शब्द यादीत कितवा आहे त्यावरून तो कमी-जास्त आठवण्याचा, प्रयोग ४० मिनिटांत बसतो. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की यादी ऐकल्याबरोबर आठवायला सांगितली तर सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात; मध्ये ३० सेकंद मोजायला लावलं तर शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा होतो, सुरुवातीचा मात्र टिकतो. वर्गात हेच करायचं आहे.

यादी अशी: हत्ती, नदी, बाहुली, चमचा, ढोल, कुलूप, सावली, लोकर, साबण, पतंग, नाणे, शिडी, तलवार, मध, कंदील.

हे शब्द निवडण्यामागे कारणं आहेत. ‘दार’ आणि ‘कुलूप’ एकाच यादीत आले की एक दुसऱ्याला ओढून आणतो. ‘नदी’ असेल तर ‘डोंगर’ नको. खडू, फळा, पंखा, चष्मा हे शब्द टाळायचे, कारण त्या वस्तू वर्गात समोर दिसतात आणि आठवायला मदत करतात. यादीच्या मध्यभागी भावनेला हात घालणारा शब्द (‘आई’, ‘मरण’) ठेवला तर कितव्या शब्दाला किती आठवण हे दाखवणाऱ्या वक्राला नेमका तिथेच उंचवटा येतो.

आधी चिठ्ठ्या करून ठेवा. वर्गात २४ विद्यार्थी असतील तर १२ चिठ्ठ्यांवर लिहा: ‘खूण होताच शब्द लिहायला लागा.’ उरलेल्या १२ वर: ‘खूण होताच ५९७ मधून ३ वजा करत उत्तरं लिहीत जा, घंटा वाजली की थांबून शब्द लिहा.’ चिठ्ठ्या पिसून पालथ्या वाटा. डावी बाजू एक गट आणि उजवी बाजू दुसरा असं करू नका: मित्र शेजारी बसतात, पुढच्या आणि मागच्या बाकांवरची मुलं सारखी नसतात, आणि यादृच्छिक विभागणी शिकवायची संधी हातची जाते. वजाबाकी लेखीच करून घ्या. बाराजण मोठ्यानं मोजू लागले तर पहिल्या गटाचाही बट्ट्याबोळ होतो.

पहिली पाच मिनिटं माहिती आणि संमती: काय करायचं आहे, किती वेळ लागेल, कागदावर नाव लिहायचं नाही, नको असेल त्यानं वेळ मोजायचं काम घ्यावं. मग पेनं खाली, हात बाकावर. यादी दर दोन सेकंदांना एक शब्द या चालीनं वाचा. शक्यतो ती आधी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, कारण समोर वाचताना शेवटच्या शब्दाशी आवाज हमखास खाली येतो आणि ‘आता संपलं’ हे मुलांना कळतं. खूण करा. तीस सेकंदांनी घंटा वाजवा. प्रत्येक गटाला लिहायला ९० सेकंद.

‘कुठल्याही क्रमानं लिहा, जे आधी सुचेल ते आधी’ हे वाक्य चिठ्ठ्या वाटण्यापूर्वी दोनदा सांगा. ते राहून गेलं तर शहाणी मुलं पहिल्या शब्दापासून ओळीनं लिहायला लागतात. तेवढ्यात शेवटचे शब्द निसटतात, आणि ज्या गटात शेवटचा फायदा दिसायला हवा तिथेच तो दिसत नाही. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथे.

तपासणीसाठी कागद शेजाऱ्याशी बदला. फळ्यावर पंधरा रकाने आणि दोन ओळी काढा. ‘हत्ती, पहिला गट, हात वर’ असं म्हणत मोजत जा. सहा-सात मिनिटांत होतं. हातांची संख्या गटाच्या संख्येनं भागून टक्के काढा. बाराच्या गटात वक्र खडबडीत येतो, त्याला घाबरू नका. शेजारचे तीन-तीन शब्द एकत्र करून (१ ते ३, ४ ते ६, असे पाच गट) सरासरी काढली की आकार दिसू लागतो. यादीत नसलेले शब्द कुणी लिहिले असतील तर ते बाजूला नोंदवा, पुढच्या तासाला लागतील.

शेवटची पंधरा मिनिटं बोलण्यापेक्षा लिहिण्यासाठी ठेवा. प्रत्येकानं वहीत चार ओळी लिहायच्या: स्वाश्रयी चल (आपण मुद्दाम बदललेली गोष्ट) कोणता, पराश्रयी चल (त्यामुळे काय बदललं म्हणून मोजलेली गोष्ट) नेमका कसा मोजला, आकड्यांत काय दिसलं, आणि अल्पकालीन व दीर्घकालीन अशा दोन वेगळ्या स्मृतिसाठ्यांची कल्पना मान्य केली तर हे आकडे कसे समजतात. ‘स्मृती’ हा पराश्रयी चल नाही. ‘पंधरापैकी बरोबर लिहिलेले शब्द’ हा आहे. ही चूक पहिल्याच प्रयोगात सुधारली नाही तर वर्षभर पुरते.

दुसऱ्या दिवशी न सांगता तेच शब्द पुन्हा लिहायला सांगा. क्रेक यांनी १९७० मध्ये दाखवलेली उलटी गोष्ट बहुधा दिसेल: ज्यांनी लगेच लिहिलं होतं त्यांना आता शेवटचेच शब्द सगळ्यांत कमी आठवतात.

आणि अपेक्षित निकाल आलाच नाही तर? तो तास वाया गेला असं समजू नका. आकडे ओढून-ताणून जुळवू नका, ‘यायला हवा होता असा’ वक्र फळ्यावर काढू नका. नमुना किती लहान होता, सूचना सगळ्यांना सारखी कळली का, गोंगाट कुठे झाला, याची यादी वर्गाकडून करून घ्या. संशोधन पद्धतीचं प्रकरण याहून चांगलं कुठे शिकवता येणार? २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निकाल परत मिळाला. हा आकडा मुलांना अशाच दिवशी सांगावा, म्हणजे तो डोक्यात बसतो.

भाषेचे सापळे

इंग्रजीतून घेतलेलं प्रयोगसाहित्य तसंच्या तसं देवनागरीत उतरवलं की काही प्रयोग मोडतात. का मोडतात हे कळलं तर दुरुस्ती सोपी आहे.

पीटरसन दांपत्याचा १९५९ चा प्रयोग घ्या. अर्थहीन तीन अक्षरं द्यायची, मग उलटी गणती, मग आठवायचं. तीन सेकंदांनंतर सुमारे ८० टक्के अक्षरसंच आठवत होते, १८ सेकंदांनंतर सुमारे १० टक्के. त्यांनी व्यंजनं घेतली होती. रोमन लिपीत तीन व्यंजनांचा सहसा शब्द होत नाही. देवनागरीत प्रत्येक व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो, त्यामुळे सहज निवडलेली तीन अक्षरं म्हणजे कमल, मदत, नजर, गवत! अर्थ आला की प्रयोग संपला. ठ, झ, घ, ढ, छ, थ, फ अशी अक्षरं घ्या: ‘ठझघ’, ‘ढखफ’, ‘थछभ’. प्रत्येक संच मोठ्यानं म्हणून बघा, कशासारखा वाटला तर टाकून द्या, आणि वर्गात अक्षरं सुटी उच्चारा.

स्ट्रूपच्या प्रयोगात (१९३५) रंगाचं नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेलं असतं आणि शाईचा रंग सांगायचा असतो. मूळ प्रयोगात शंभर रंगांची नावं सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, विसंगत शब्दांच्या बाबतीत ११०.३. वर्गासाठी तीस नगांचे दोन तक्ते करा, पाच रकाने आणि सहा ओळी: एकात रंगीत चौकोन, दुसऱ्यात विसंगत शब्द. पिवळा घेऊ नका, पांढऱ्या कागदावर तो नीट दिसत नाही आणि वेळ डोळे ताणण्यात जातो. निळ्याबरोबर जांभळाही नको. लाल, निळा, हिरवा, काळा पुरेत. आणखी एक बारकावा: मुलं तोंडी ‘निळं’, ‘हिरवं’ म्हणतात आणि छापलेलं असतं ‘निळा’, ‘हिरवा’. मग मध्येच अडखळून स्वतःला दुरुस्त करतात. कुठलं रूप म्हणायचं ते आधी ठरवा. चुकलं तर दुरुस्त करूनच पुढे जायचं, घड्याळ थांबवायचं नाही. अर्ध्या जोड्यांनी चौकोनांपासून सुरुवात करायची, अर्ध्यांनी शब्दांपासून, नाहीतर सरावाचा आणि थकव्याचा परिणाम निकालात मिसळतो. लाल-हिरवा ओळखायला अडचण असलेल्या विद्यार्थ्याला ते सगळ्यांसमोर सांगावं लागू नये, म्हणून वेळ मोजण्याचं काम कुणालाही मागता येईल असं सुरुवातीलाच जाहीर करा.

लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांनी अपघातांच्या सात चित्रफिती पाहिल्या आणि गाड्यांच्या वेगाबद्दलच्या एका प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. सगळ्यांत जोरकस क्रियापदाला सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा जास्त आला, सगळ्यांत सौम्य क्रियापदाला ३१.८. मराठीत क्रियापद बदललं की मागचा प्रत्ययही बदलू शकतो: ‘एकमेकींवर आदळल्या’, पण ‘एकमेकींना लागल्या’. मग दोन गोष्टी बदलल्या. म्हणून ‘गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा’ आणि ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशी जोडी घ्या. ‘घासल्या’ चालणार नाही, त्यानं धडकेचा प्रकारच बदलतो. जखमी किंवा मृत माणूस दिसणारी चित्रफीत वर्गात दाखवू नका. कारखान्यातल्या चाचणीची, बाहुल्या बसवलेली चित्रफीत पुरते.

खोट्या आठवणीचा प्रयोग मराठीत सुंदर होतो. डीझ यांची कल्पना (१९५९), रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये पुढे नेलेली. एका न उच्चारलेल्या शब्दाभोवतीचे पंधरा शब्द वाचायचे: अंथरूण, उशी, जांभई, पांघरूण, स्वप्न, पेंग, रात्र, घोरणे, गादी, डुलकी, थकवा, पलंग, विश्रांती, जाग, आळस. मग दोन मिनिटं एखादं साधं कोडं. मग आठवतील तेवढे शब्द लिहायचे आणि प्रत्येकापुढे १ ते ४ असा खात्रीचा आकडा. ‘झोप’ लिहिलेल्यांनी हात वर करा म्हटलं की वर्ग थक्क होतो, आणि खात्रीचे आकडे पाहून अधिकच. अट एकच: तास सुरू झाल्यापासून तुमच्या तोंडून ‘झोप’ हा शब्द गेलेला नसावा. ‘काय झोपलात का सगळे?’ एवढं म्हटलं तरी प्रयोग गेला.

अभिसंधानाची कार्डं

अभिसंधान म्हणजे अनुभवातून वर्तन घडणं किंवा बदलणं. अध्ययनाच्या या प्रकरणात सगळ्यांत जास्त गुण जातात ते ऋण प्रबलनावर. ‘ऋण’ म्हणजे वाईट, म्हणून ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं मुलं धरून चालतात. व्याख्या दहा वेळा सांगून हे सुटत नाही. सोळा प्रसंगांची कार्डं करून चार ढिगांत लावायला दिली की सुटतं.

कार्ड हातात आलं की दोन प्रश्न, याच क्रमानं: वर्तन वाढलं की घटलं? त्यानंतर, काही मिळालं की काही निघून गेलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मिळालं तर धन, निघून गेलं तर ऋण. वर्तन चांगलं की वाईट हा प्रश्न विचारायचाच नाही.

तीन कार्डं नमुन्यादाखल. ‘पट्टा लावला की गाडीतला कर्कश आवाज थांबतो, आता चालक बसल्याबरोबर पट्टा लावतो.’ वाढलं, निघून गेलं: ऋण प्रबलन. ‘उशिरा आल्यावर खेळाची वेळ कापली गेली; उशिरा येणं कमी झालं.’ घटलं, निघून गेलं: ऋण शिक्षा. ‘शिक्षिका रागावल्या, तेव्हा सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहू लागला, दुसऱ्या दिवसापासून तो जास्तच बडबड करू लागला.’ यावर भांडणं होतात, व्हायलाच हवीत. वर्तन वाढलं, लक्ष मिळालं, म्हणजे हे धन प्रबलन. रागावणाऱ्याचा हेतू काय होता याला इथे महत्त्व नाही.

कार्ड लिहिताना होणारी चूक म्हणजे वर्तन वाढलं की घटलं हे न लिहिणं. ‘आईनं मोबाइल काढून घेतला’ एवढ्यावर उत्तर देताच येत नाही. असं एखादं अपुरं कार्ड मुद्दाम घाला आणि ‘माहिती अपुरी’ असा पाचवा ढीग ठेवा. पाचवा ढीग कोण वापरतं त्यावरून कुणाला कळलंय ते समजतं.

अभिजात अभिसंधानात (घंटेच्या आवाजानं कुत्र्याला लाळ सुटू लागते तसं शिकण्यात) अडचण ‘अन’ या उपसर्गाची. अनभिसंधित आणि अभिसंधित हे शब्द घाईत सारखेच दिसतात. ‘हे शिकावं लागलं का?’ हा एकच प्रश्न द्या. अन्न तोंडात आल्यावर लाळ सुटायला कुत्र्याला शिकावं लागलं नाही, म्हणून तिथे उद्दीपक (अन्न) आणि प्रतिसाद (लाळ) या दोन्हीकडे ‘अन’.

जे वर्गात करायचं नाही

आज्ञापालनाचा, तुरुंगाचा किंवा एकट्याला खोटं पाडणारा समूहदबावाचा प्रयोग वर्गात नाट्यरूपानंही करू नये. ज्याची फजिती होते त्याला त्याच वर्गात वर्षभर बसायचं असतं, आणि शिक्षकासमोर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कागदावरच राहतो.

त्याऐवजी आधी अंदाज घ्या, मग आकडा उघडा. मिलग्रम यांच्या प्रयोगाची (१९६३) मांडणी सांगा: दुसऱ्या खोलीतला ‘शिकणारा’ चुकला की प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून त्याला विजेचा (प्रत्यक्षात खोटा) धक्का द्यायचा; ४० पुरुष, १५ व्होल्टच्या टप्प्यांनी ४५० पर्यंत तीस कळा. शेवटपर्यंत किती जण गेले असतील? प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा लिहून दुमडायचा. चिठ्ठ्या गोळा करून मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) काढा, मगच सांगा: ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के. मिलग्रम यांनी १४ विद्यार्थ्यांना असाच अंदाज विचारला होता; त्यांची सरासरी १.२ टक्के होती. चिठ्ठी आधी लिहून घेतली नाही तर ‘मला वाटलंच होतं’ असं सगळेच म्हणतात.

नंतर सहा कार्डं द्या: मूळ मांडणी, साध्या कार्यालयाची इमारत, शिकणारा त्याच खोलीत, शिकणाऱ्याचा हात स्वतः धरून दाबायचा, आज्ञा फोनवरून, दोन साथीदार नकार देतात. चार-चारच्या गटांनी आज्ञापालनाचा उतरता क्रम लावायचा आणि प्रत्येक जागेचं कारण एका वाक्यात लिहायचं. उत्तर याच क्रमात: ६५, ४७.५, ४०, ३०, सुमारे २०, १० टक्के. क्रम बरोबर येण्यापेक्षा कारणं मोलाची. जबाबदारी कुणावर, अधिकार कुठून, त्रास किती जवळ, हे शब्द मुलांच्या तोंडून इथे आपोआप येतात.

समूहाच्या प्रभावासाठी जेनेस यांची १९३२ ची पद्धत निर्धोक आहे. काचेच्या बरणीत लहान-मोठे मणी भरा, २० सेकंद दाखवा, अंदाज चिठ्ठीवर. मग चौघांनी तीन मिनिटं चर्चा करून एक आकडा. मग पुन्हा एकट्यानं, नाव न लिहिता. पहिल्या आणि शेवटच्या अंदाजांचा विस्तार (सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान) फळ्यावर लिहा. मणी सारखे आणि बरणी सरळ असेल तर कुणीतरी थर मोजून गुणाकार करतं आणि गट त्याचंच ऐकतो. तो प्रभाव वेगळ्या जातीचा.

विकारांचं प्रकरण आलं की मुलं स्वतःला आणि घरच्यांना लेबलं लावू लागतात. चाचणीच्या प्रश्नावल्या वर्गात भरून घेऊ नका. नैराश्याच्या प्रश्नावलीवर एखाद्याचा गुणांक खरंच वर आला तर त्या क्षणी तुमच्याकडे द्यायला काही नसतं. प्रकरणाची तारीख आठवडाभर आधी सांगा, बाहेर बसायची मुभा द्या, तासानंतर दहा मिनिटं थांबा, आणि समुपदेशकाकडे कसं पाठवायचं ते आधीच माहीत करून घ्या. अभ्यासासाठी एकाच काल्पनिक व्यक्तीची दोन कार्डं द्या. एकात उदासी, झोप उडणं, भूक मंदावणं, थकवा, एकाग्रता नसणं ही लक्षणं चार दिवसांची, दुसऱ्यात तीच तीन आठवड्यांची आणि रोजची कामं ठप्प झालेली. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या (डीएसएम) पाचव्या आवृत्तीच्या निकषांत नऊपैकी किमान पाच लक्षणं किमान दोन आठवडे लागतात, आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा रस नाहीसा होणं यांपैकी एक असावंच लागतं. कालावधी आणि अडथळा यांचं महत्त्व दोन कार्डं शेजारी ठेवली की दिसतं.

उजळणीचं साहित्य

डन्लोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं या दोनच पद्धतींना त्यांनी वरचा दर्जा दिला. रंगीत पेननं अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या दर्जात गेलं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात चारदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४० टक्के आठवलं, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र वाचणारेच पुढे होते, ८३ विरुद्ध ७१. आदल्या रात्री वाचलं की सगळं येतंय असं का वाटतं, ते या आकड्यांत आहे. हे आकडे मुलांना द्या. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःची स्मृती कशी वापरायची हे अभ्यासक्रमातच पडतं.

तासाच्या सुरुवातीला सहा प्रश्न: दोन मागच्या तासाचे, दोन मागच्या आठवड्याचे, दोन महिन्यापूर्वीचे. पाच मिनिटं, वही बंद, गुण नोंदवायचे नाहीत. महिन्यापूर्वीचे प्रश्न गाळण्याचा मोह होतो, कारण उत्तरं येत नाहीत. नेमके तेच ठेवा.

प्रकरण संपल्यावर कोरा कागद. सात मिनिटं निळ्या पेननं आठवेल ते सगळं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं. उजळणीची कार्डं फक्त लाल मजकुराची करायची. संपूर्ण प्रकरणाची कार्डं करायला घेतली तर दोन संध्याकाळी लिहिण्यातच जातात आणि आठवणं होतच नाही.

कार्ड म्हणजे साध्या कागदाचा चौथा भाग. एका कार्डावर एक प्रश्न. ‘लॉफ्टस आणि पामर यांचा अभ्यास’ हे कार्ड निरुपयोगी, कारण मागे अर्धं पान भरतं आणि मुलं ते वाचून ‘आलं’ म्हणतात. त्याचे तुकडे करा: ‘काय बदललं होतं?’ ‘सर्वांत जास्त आणि कमी अंदाज किती?’ ‘आठवड्यानंतर फुटलेल्या काचेबद्दल काय विचारलं आणि उत्तर काय आलं?’ (हा त्यांचा दुसरा प्रयोग, वेगळ्या १५० जणांवरचा. काच नव्हतीच. तरी जोरकस क्रियापदाच्या ५० पैकी १६ जणांनी ‘दिसली’ म्हटलं, सौम्य क्रियापदाच्या ५० पैकी ७, आणि ज्यांना वेगाचा प्रश्नच नव्हता त्या ५० पैकी ६.) ‘वर्गातल्या आपल्या प्रयोगात दोन मध्यकांत किती फरक आला?’ हे शेवटचं कार्ड मूळ अभ्यासाला मुलांच्या स्वतःच्या आठवणीशी बांधतं.

लाइटनर यांच्या पद्धतीनं तीन खोकी ठेवा: पहिलं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्यानं. बरोबर आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. उत्तर मोठ्यानं म्हटल्याशिवाय किंवा लिहिल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही.

उत्तर लिहिताना

मूल्यमापनाच्या प्रश्नात ‘नमुना लहान होता, पर्यावरणीय सप्रमाणता (प्रयोग खऱ्या आयुष्याशी जुळण्याचं प्रमाण) कमी होती’ एवढं लिहून मुलं थांबतात. हे वाक्य कुठल्याही अभ्यासाला चिकटवता येतं, म्हणून त्याला गुण मिळत नाहीत. कसोटी सांगा: अभ्यासाचं नाव झाकलं तरी वाक्यावरून तो ओळखू यायला हवा.

तोच मुद्दा असा लिहिता येतो: ‘सहभागींनी अपघाताची चित्रफीत पाहिली, खऱ्या साक्षीदाराला वाटणारी भीती त्यांना नव्हती आणि उत्तर चुकल्यानं कुणाचं नुकसानही होणार नव्हतं. त्यामुळे प्रश्नातला शब्द त्यांना सहज वळवू शकला असेल. युइल आणि कटशॉल यांनी १९८६ मध्ये प्रत्यक्ष गोळीबार पाहिलेल्या १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी भेटून दिशाभूल करणारे प्रश्न विचारले, तेव्हा त्यांच्या आठवणी बऱ्याच अचूक राहिल्या. मात्र या साक्षीदारांपैकी काही घटनेच्या अगदी जवळ होते, त्यामुळे हा फरक भीतीचा की जवळून पाहण्याचा हे सांगता येत नाही.’

असा परिच्छेद चार पट्ट्यांत कापून, पट्ट्या विस्कटून जोड्यांना द्या. क्रम लावल्यावर शेवटची पट्टी काढून घ्या आणि ‘मात्र’ने सुरू होणारं स्वतःचं वाक्य लिहायला सांगा.

प्रसंगावरच्या प्रश्नासाठी दोन रंग. प्रसंगातून घेतलेले शब्द एका रंगानं, संकल्पना दुसऱ्यानं अधोरेखित करायच्या. ज्या वाक्यात एकच रंग आहे ते अपुरं. नुसती व्याख्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचं पान एकरंगी दिसतं आणि काय चुकलं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फळ्यावरच्या तक्त्याचा फोटो काढताना वर तारीख, गटांची संख्या आणि दिलेली सूचना शब्दशः लिहिलेली असू द्या. महिन्यानं संख्याशास्त्राच्या तासाला तक्ता काढल्यावर ‘या दोन ओळींपैकी वजाबाकीवाली कोणती?’ हे कुणालाच आठवत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचा शेवटच्या तीन शब्दांतला गुणांकही त्याच दिवशी वेगळा उतरवून ठेवा: नुसत्या टक्क्यांवरून मान-व्हिटनी चाचणी (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी) करता येत नाही, तिला एकेकट्याचे आकडे लागतात.